उंबऱ्यातून पाहिलेलं बाळंतपण

रंगूबाईच्या हाताला गुण आहे, असं ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीत सगळेच म्हणत. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची मान धरली, की तिच्या दारात येऊन बसायचं. ती तिळाच्या तेलात लसणाच्या दोन पाकळ्या करपवायची, तेल तळहातावर घ्यायची आणि असं काही चोळायची की कण्हत आलेला माणूस हसत परत जायचा. रेल्वेच्या वीजघरातले, म्हणजे पावर हाऊसचे, फिटर एरवी दवाखान्यातल्या गोळ्यांशिवाय कशावर विश्वास ठेवत नसत, पण पाठ धरली की तेही मुकाट्याने तिच्यापुढे पालथे पडायचे. तिला याचा मोठा अभिमान होता. आणि का नसावा? देवाने दुसरं असं दिलं तरी काय होतं तिला!

साताऱ्याकडून नवऱ्यामागोमाग ती इथे आली, तेव्हा पावर हाऊसची चिमणी नवी होती. महिपत कोळसा ओढायला लागला आणि ही राख वाहायला. थोरली कलावती झाली तेव्हा सहाव्या दिवशी ही पुन्हा डोक्यावर राखेची पाटी घेऊन उभी. पोर झाडाला बांधलेल्या झोळीत, दुधाने चोळी भिजलेली, आणि भिजल्या चोळीवर राख बसून त्याचा चिखल झालेला. धाकट्या लक्ष्मीच्या वेळी तर चौथ्याच दिवशी मुकादमाचा निरोप आला, की यायचं तर ये, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. ती गेली. त्या दिवसांचा राग तिच्या पोटात जो बसला तो बसलाच. पुढे महिपत फिटरच्या हाताखाली लागला, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, डोक्यावरची पाटी उतरली. राग काही उतरला नाही.

पाटी उतरल्यावर दोन-तीन वर्षं ती डोंबिवलीला सुमतीबाईंकडे धुणीभांडी करायला जायची. सुमतीबाईंचे यजमान ठाण्याला सरकारी हापिसात होते, घर खाऊनपिऊन सुखी. त्यांची लेक मंदाकिनी पहिल्या बाळंतपणाला आली आणि बाळंतिणीचं धुणं रंगूबाईकडे आलं. रोज सकाळी आठच्या सुमाराला ती बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बादली घेऊन उभी राहायची. आत पाऊल टाकायचं नाही, हे ठरलेलं. आतून कपड्यांचं बोचकं सरकवलं जायचं, आणि तेवढ्यात रंगूबाईला जे दिसायचं ते दिसायचं. खाटेखाली शेगडी, खोलीभर ओव्याचा धूर, आणि कानाला पांढरा रुमाल बांधून, शाल पांघरून, डोळे मिटून पडलेली मंदाकिनी. दहाव्या दिवशी तेच, विसाव्या दिवशी तेच, पस्तिसाव्या दिवशीही तेच. तिचा पाय कधी जमिनीला लागलेला रंगूबाईने पाहिला नाही. बोचकं घेऊन ही वळली की पाठीमागे दाराला कडी लागायची.

"ह्याला म्हनायचं बाळंतपन," ती घरी येऊन महिपतला सांगायची. "चाळीस दिस पाय भुईला लावायचा न्हाई. आपली कला बाळंतपनाला आली का, मी तिचं असंच करनार. बघाच तुमी."

महिपत हसायचा. बायकोच्या अशा शपथा त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या.

ही शपथ मात्र तिने खरी केली. कलावती कोलशेतला सहदेवच्या घरी दिली होती. सहदेव खाडीकाठच्या एका कारखान्यात कामाला होता. एकावन्न साली कलावतीला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात रंगूबाई स्वतः जाऊन लेकीला घेऊन आली. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. आणि त्या घटकेपासून कलावतीचा पाय म्हणून जमिनीला लागला नाही. जेवण खाटेवर, अंघोळ खाटेशेजारी पाट मांडून आईच्या आधाराने, आणि बाकीचंही सगळं तिथल्या तिथे, भांडं सरकवून. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली. पोट घट्ट बांधलं, कानाला रुमाल बांधला, तोही पांढराच. चाळीतल्या बायका दारातून डोकावून जायच्या आणि म्हणायच्या, "रंगूबाई, बामनाच्या घरी असतंय तसं केलंस गं!" हे ऐकायला रंगूबाई वीस वर्षं थांबली होती.

कलावती अंगाने थोराड, कामाची सवय असलेली पोर. आठव्या दिवशी ती म्हणाली, "आई, कंटाळा आला गं. जरा नळापर्यंत जाऊन येते."

"गप पड. नळावर जायला जलम पडलाय म्होरं."

दहाव्या दिवशी तिने उठून बसून पाय खाली सोडले. रंगूबाईने भाकरीचे हात पुसले, लेकीचे दोन्ही पाय उचलून परत खाटेवर ठेवले, आणि ते पाय हातात असतानाच तिला रडू फुटलं. "माझ्या वाटनीचं पड गं बाई," ती म्हणाली, "माझ्या वाटनीचं बी तूच पड." कलावती पडून राहिली.

चौदाव्या दिवशी ती म्हणाली, "आई, डावा पाय जड झालाय. दगड बांधल्यागत."

रंगूबाईने पाहिलं. पोटरीला थोडी सूज होती, दाबलं की दुखत होतं. पडून पडून पाय आळसला असेल, असं म्हणून तिने तेल गरम केलं. दोन दिवसांनी सूज मांडीपर्यंत चढली. पाय पांढराफटक आणि चकचकीत दिसायला लागला, हाताला कोमट लागायला लागला, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. उजवा पाय होता तसाच होता. उजव्या पायातलं पैंजण सैल फिरत होतं आणि डाव्यातलं मांसात रुतलं होतं, ते कापूनच काढावं लागलं. एक पाय सुजतो आणि दुसरा सुजत नाही, याचं कुणालाही नवल वाटायला हवं होतं. महिपतला वाटलंही.

"रेल्वेच्या डागतरला सांगू का?" तो म्हणाला. "बोलवलं तर येतोय घरी."

"पायाला कशाला डागतर? पाय तर मी बघतीया की."

झालं. जिच्या हाताला गुण, तिच्या घरात दुसऱ्याचं काय चालणार! महिपत पाळीवर निघून गेला.

रोज दोनदा ती पाय चोळायची, खालून वर, घोट्यापासून मांडीपर्यंत. एकोणिसाव्या दिवशी सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाल्यावर ती तेलाची वाटी घेऊन बसली. सूज हटत नाही म्हणून त्या दिवशी तिने जोर लावला. सूज वर ढकलत न्यायची आणि जिरवायची, हा तिचा हिशेब. असे किती मुरगळलेले पाय तिने सरळ केले होते. कलावतीने डोळे मिटले. तेल कोमट होतं, आईचा हात ओळखीचा होता.

"बरं वाटतंय आई," ती म्हणाली. "अजून चोळ."

रंगूबाईने आणखी चोळलं. मग कलावती एकदम उठून बसली. छातीवर हात ठेवून तिने आईकडे पाहिलं. भिंत अंगावर पडताना माणूस बघेल तसं तिचं बघणं होतं. "आई, दम..." एवढंच म्हणाली. खोकला आला, ओठाला रक्त लागलं, चेहरा निळसर झाला. रंगूबाईने तिला छातीशी धरलं, पाठ चोळली, नाव घेऊन हाका मारल्या. जेवढ्या वेळात तव्यावरची भाकरी करपते तेवढ्या वेळात सगळं संपलं. पलीकडे बाळ झोपलेलं होतं, त्याला काही पत्ता नव्हता.

महिपत पावर हाऊसातून धावत आला, तसाच कल्याणला धावला आणि रेल्वेच्या प्रधान डॉक्टरांना घेऊन आला. वरातीमागून घोडं. प्रधान लढाईत फौजेच्या इस्पितळात काम केलेला माणूस. बोलणं थोडकं, आवाज चढलेला. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मग पांघरूण वर करून पाय पाहिला आणि बराच वेळ पाहत राहिले. महिपत चार माणसं गोळा करायला बाहेर गेला होता. खोलीत रंगूबाई आणि डॉक्टर दोघेच.

"किती दिवस पडून होती?"

"एकोनीस."

"एकदाही उठली नाही?"

"एकदा बी न्हाई," रंगूबाई म्हणाली. त्या तसल्या वेळीही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो आठवून पुढे जन्मभर तिला स्वतःची किळस आली.

"असं पडून राहिलं की पायातलं रक्त थिजतं, बाई. शिरेत त्याची गाठ होते. म्हणून एकच पाय सुजतो. ती गाठ सुटली तर वर जाते, फुप्फुसात अडकते, आणि माणूस असा जातो. आम्ही लढाईत पोट फाडलेल्या शिपायालाही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरून चालवत होतो, ते यासाठीच. पाय सुजल्यावर लगेच का नाही बोलावलंत? अशा पायाला हातसुद्धा लावायचा नसतो." ते थांबले. पायावर तेल चमकत होतं. "हा पाय कुणी चोळला?"

रंगूबाईने आपले हात पदराखाली घेतले.

"कुनी न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी वाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पांघरूण नीट करून निघून गेले.

माणूस गेलं की कारण सांगणारे दहा जण उभे राहतात. कुणी म्हणालं बाळंतवारा झाला. कुणी म्हणालं नजर लागली, एवढं कौतुक करतात का कुणी बाळंतिणीचं! ठाकुर्लीच्या फाटकाजवळ बाळंतपणात मेलेली एक बाई फिरते, ती घेऊन गेली, असंही झालं. महिपतने विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. रंगूबाई म्हणाली, "त्यांना बी कळलं न्हाई." सहदेवची आई आली आणि नातीला कोलशेतला घेऊन गेली. जाताना सहदेव सासूच्या पाया पडला. "तुम्ही तिचं जेवढं केलंत तेवढं कुणी करणार नाही," असं म्हणाला बिचारा. रंगूबाईला वाटलं, त्याने पायताण काढून मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिने कुणाच्या अंगाला तेल लावलं नाही. बायका यायच्या, पोरांना घेऊन यायच्या, ती दारातूनच म्हणायची, "माझं हात गेलं." लोकांना वाटायचं, दुःखाने म्हणते.

वर्षभराने डोंबिवलीच्या बाजारात सुमतीबाई भेटल्या. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी हात धरून विचारपूस केली, तशी रंगूबाईच्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुमच्या मंदाताईचं केलं तसंच समदं केलं हो मी. चाळीस दिस खाली पाय ठेवू द्यायचा न्हाई, तसंच."

सुमतीबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. "पाय ठेवू द्यायचा नाही? हे कुणी सांगितलं तुला? अगं, चाळीस दिवस म्हणजे घराबाहेर जायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. अंथरुणाला खिळून कोण राहतं? आमची मंदा पाचव्या दिवसापासून दार लावून खोलीत फेऱ्या मारायची. मीच मारायला लावायची तिला."

"मी रोज बघायची. पडलेल्या असायच्या."

"तू यायचीस आठला. तेव्हा अंघोळ, धुरी होऊन ती नुकतीच आडवी झालेली असायची."

दुरून डोंगर साजरे म्हणतात. रंगूबाईने तर डोंगर म्हणून जो पाहिला तो दाराच्या फटीएवढा. कडीच्या आवाजामागे काय चालतं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. कामवालीने असलं विचारायचं नसतं. भाजीची पिशवी तिथेच विसरून ती ठाकुर्लीला चालत आली.

चौपन्न साली धाकटी लक्ष्मी बाळंतपणाला आली. तिला कल्याणला पारनाक्याजवळ दिली होती. नवरा प्रभाकर रेल्वेच्या यार्डात कामाला, सासू गंगुबाई हुशार आणि तोंडाने तिखट. लक्ष्मीला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई खाटेजवळ आली आणि म्हणाली, "ऊठ."

लक्ष्मीला वाटलं, अंथरूण बदलायचं असेल.

"ऊठ. माझ्या खांद्यावर हात ठेव. दारापोतर जायचं आन् परत यायचं."

लक्ष्मी रडली, कण्हली, पण आईने तिला चालवलं. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या, तिसऱ्या दिवशी दहा. रात्री झोपताना रंगूबाई पांघरूण वर करून दोन्ही पाय पाहायची, दोन्ही पैंजणांत बोट घालून बघायची सारखीच सैल आहेत का. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि ही तर नुसती पोळली नव्हती. पायाला तेल लावायचं नाही, असं तिने बजावलं. डिंकाचा लाडू मात्र हातात द्यायची, चालता चालता खा म्हणायची. हे बघून चाळीतल्या बायकांच्या भुवया वर गेल्या.

"ताईला गादीवरनं उतरू दिलं न्हाईस," लक्ष्मी एकदा म्हणालीच, "आन् मला दुसऱ्या दिशी उभी केलीस. मी काय रस्त्यावर सापडलेली हाय का?"

रंगूबाईच्या जिभेवर उत्तर होतं. तीन वर्षं तिथेच होतं. "चाल," एवढंच ती म्हणाली.

नवव्या दिवशी गंगुबाई बाळंतविडा घेऊन आली. बाळाला झबली, सुनेला हिरवं लुगडं, सगळं रीतसर. आणि पाहते तर सून ओटीवर फेऱ्या मारतेय, घामाने चिंब, आणि तिची आई दारात बसून मोजतेय. गंगुबाईने विड्याचं ताट खाली ठेवलं.

"विहीणबाई, ही काय तऱ्हा? ओली बाळंतीण आणि नऊ दिवसांत परेड? आमची सून आहे ती, हमाल नाही."

"बसा विहीणबाई. सांगते."

"काय सांगणार? थोरलीचं एवढं केलंत, ते साऱ्या ठाकुर्लीने पाहिलं. धाकटीच्या वेळी माया आटली का? राहू दे. गाडी बाहेर उभी आहे. चाळीस दिवस मी करते तिचं, गादीवर निजवून."

गादीवर निजवून, हे शब्द ऐकले आणि रंगूबाई उठून उभी राहिली. आता गप्प राहावं तर दुसरी जाते, आणि बोलावं तर पहिली कशी गेली ते उघडं होतं. तिने लक्ष्मीकडे पाहिलं. लक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही पायांवर.

"माया आटली न्हाई," रंगूबाई म्हणाली. "थोरलीला मीच मारली. नजर न्हाई, वारा न्हाई. मी तिला एकोनीस दिस उठू दिली न्हाई, तिच्या पायात रगत गोठलं. पाय सुजला, आन् मी डागतरला न बोलवता ह्या हातांनी चोळला. गाठ काळजात गेली. डागतर बोलला मला. मी त्येला खोटं सांगितलं, ह्यांना खोटं सांगितलं, समद्यांना खोटं सांगितलं. हिला चालू द्या विहीणबाई. तुमच्या पाया पडते. हिला निजवू नका."

बाहेर कुठेतरी इंजिनाची शिट्टी झाली. लक्ष्मी म्हणाली, "ताईला? तू?" आणि पोराला उचलून ती सासूच्या मागे जाऊन उभी राहिली.

गंगुबाई वाईट बाई नव्हती. पण तिने जे ऐकायचं ते ऐकलं. पडून राहणं तिच्या कानात शिरलंच नाही. ह्या हातांनी गेली, एवढं शिरलं. "हिच्या हाताखाली मी सून ठेवू?" ती म्हणाली. "एक खाल्लीस ती पुरे झाली!" अहो-जाहो संपलं. अर्ध्या तासात घोडागाडी फाटकापलीकडे गेली, आणि रंगूबाईच्या डोळ्यांदेखत लक्ष्मीला गाडीत उचलून ठेवलं, जमिनीला पाय न लावता.

तीन वर्षं जिभेवर धरलेलं सत्य शेवटी बाहेर पडलं, आणि त्याने हे केलं. संध्याकाळी महिपतला तिने स्वतःच सांगितलं. तो ओरडला नाही. नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिला, मग येऊन जेवला. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही.

रंगूबाई रोज सकाळी रुळांच्या कडेने कल्याणला चालत जायची. गंगुबाईच्या घरात तिला पाऊल टाकू देत नसत. बाळंतिणीची खोली रस्त्याच्या अंगाला होती, तिला एक दार आणि एक उंच खिडकी. दाराबाहेरच्या पायरीवर ही बसायची. दार बंद. आतलं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. यावेळी तिने कान लावला होता.

तेराव्या दिवशी तिने ऐकलं. गंगुबाई मागच्या नळावर गेली आणि आत पैंजण वाजले. भिंतीपर्यंत सात पावलं, परत सात पावलं. रंगूबाईने तोंडात पदर कोंबला. पोर चालत होती! आईचं तोंड बघायचं नव्हतं तिला, पण आईचं ऐकत होती, चोरून. पाच फेऱ्या झाल्या. मग गंगुबाईचा आवाज आला, "उठलीस कशाला गं? पड, पड," आणि खाट करकरली.

चौदाव्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या. पंधराव्या दिवशी पैंजण वाजलेच नाहीत, कारण सासूने आपली खाट त्याच खोलीत आणली होती. सोळाव्या दिवशीही नाहीत.

सतराव्या दिवशी रंगूबाई खिडकीखाली उभी राहिली आणि तिने हाक मारली. "लक्षे, पाय बघ गं. दोनी पाय बघ."

मग आतून लक्ष्मी बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली. "आई, डावा पाय जड झालाय. दगड बांधल्यागत."

तेच शब्द होते. दार उघडलं आणि प्रभाकर बाहेर आला, पाळीवर निघालेला, सायकलच्या हँडलला डबा अडकवलेला. तिने सायकलचं चाक दोन्ही हातांनी धरलं.

"जावईबापू, रेल्वेच्या प्रधान डागतरला घेऊन या. आत्ता. तिचा पाय सुजलाय. कुनी हात लावू नका त्या पायाला. मला घरात घेऊ नका, माझं तोंड बघू नका, पर डागतर आना."

प्रभाकरने दाराकडे पाहिलं. आत त्याची आई उभी होती. त्याने सासूकडे पाहिलं. "बघतो," तो म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून गेला. कोपऱ्यावरून दवाखान्याला डावीकडे वळायचं आणि यार्डाला उजवीकडे. कोपऱ्यावर बैलगाडी आडवी उभी होती. तो कुठे वळला हे रंगूबाईला दिसलं नाही.

ती वळली तेव्हा गंगुबाई दारात होती. हातात वाटी होती आणि वाटीतून वाफ येत होती. लसणाचा वास आला.

"चोळू नका विहीणबाई," रंगूबाई म्हणाली, आणि तिने उंबऱ्यावर डोकं टेकलं. "डागतर येतोय. तवर थांबा. तेवढं थांबा."

"तुझ्या हातांनी गेली," गंगुबाई म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता, खात्री होती. "माझ्या हाताला यश आहे. पाच बाळंतपणं केलीत मी."

दार लागलं. कडी वाजली. रंगूबाईने दोन्ही मुठींनी दार बडवलं, ओरडली, रस्त्यावरची माणसं थांबली आणि वेडी समजून पुढे गेली. मग तिचा आवाज बसला. आतून तेलाच्या हाताचा आवाज येऊ लागला, खालून वर, खालून वर. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने एक कान दाराला लावला आणि डोळे रस्त्याच्या कोपऱ्याकडे. बैलगाडी निघून गेली होती. कोपरा रिकामा होता.

आत लक्ष्मीने सुस्कारा सोडला.

"बरं वाटतंय आत्याबाई," ती म्हणाली. "अजून चोळा."